लिंबूटिंबू चुंबक

मी बोलतोय. हो, मीच. ज्याच्या डोक्यावर तुम्ही आत्ता पाण्याची बाटली ठेवलीत, तो. आधी ती उचला.

मी एमआरआयचं मशीन आहे, पण चाकांवरचं, कमी ताकदीच्या चुंबकाचं. तळघरात माझा थोरला भाऊ बसतो. त्याला वेगळी खोली, थंड हवा, दारावर लाल दिवा. त्याच्यापुढे जाताना मोठमोठी माणसं अंगठी, पट्टा, किल्ल्या निमूटपणे काढून देतात. माझ्यापाशी येताना कुणी घड्याळसुद्धा काढत नाही.

मला एका शेडमध्ये जोडलं. चुंबकाच्या विटा चिकटवताना त्या एकमेकींना ढकलायच्या आणि कारागिरांची बोटं चेमटायची. त्यांनी मला शिव्या घातल्या, पण काम चोख केलं. ज्या पेशंटला तळघरापर्यंत नेता येत नाही, त्याच्या खाटेपाशी मी जायचं, एवढ्यासाठी माझा जन्म. थोरल्याला हे सात जन्मांत जमणार नाही.

आयसीयूत आलो त्याच दिवशी फोटो वाचणारे डॉक्टर मला बघून म्हणाले, "हा आपला लिंबूटिंबू. खेळू दे त्याला, पण त्याचा आऊट धरायचा नाही." सगळे खो खो हसले आणि नाव चिकटलं. पोरांच्या खेळात ठीक आहे हो, पण इथे कसला खेळ चालला होता?

माझे कान फार तिखट. डोक्यातली बारीक कुजबुज ऐकायची तर ते तसे लागतातच. त्यामुळे शेजारी मोबाईलचा चार्जर लावला तरी त्याची कुरकुर माझ्या फोटोत पट्ट्यांनी उतरते. "इथे चार्जर लावू नये" अशी पाटीच भिंतीवर होती. त्याच पाटीखालच्या प्लगला डॉक्टरांचा फोन असायचा.

एके दुपारी शिवणकाम करणारी एक बाई तिथे श्वासाच्या मशीनवर होती. छातीचं ऑपरेशन झालेलं. लेक हात धरून बसली होती. ती एकदम ओरडली, "सिस्टर, आई डावा हात दाबत नाहीये! सकाळी दाबत होती." बाईला खाली नेणं शक्य नव्हतं, म्हणून मला ढकलत आणलं.

मी फोटो काढला. मेंदूच्या उजव्या बाजूला डाग आणि त्याच्यावरून पट्टेच पट्टे.

"नुसत्या गिरगोट्या काढल्यात याने," डॉक्टर म्हणाले. चार्जरचा प्लग उपटला, फोन खिशात टाकला आणि जेवायला गेले.

लेक हटून बसली. "पाया पडते सिस्टर, परत एकदा काढा." सिस्टरने काढला. आता चार्जर नव्हता. पट्टे गेले, डाग तिथेच. तिने लेकीपासून लांब, कोपऱ्यात जाऊन डॉक्टरांना फोन लावला.

"सर, डाग स्वच्छ दिसतोय. गुठळी असणार. आत्ता काढली तर हात वाचेल."

"अगं, कुणाचं ऐकतेस? लिंबूटिंबूचा आऊट धरतात का? उद्या खालच्या मशीनवर बघू."

दुसऱ्या दिवशी बाईचं श्वासाचं मशीन निघालं आणि तिला खाली नेलं. थोरल्याने तोच डाग दाखवला, पण तो आता पसरला होता. गुठळी काढायची वेळ निघून गेली होती. लेकीने विचारलं, "काल का नाही कळलं?"

"काल छोट्या मशीनवर केलं होतं ना," डॉक्टर म्हणाले. "त्यात दिसलं नाही."

सिस्टर मान खाली घालून सलाईन नीट करत राहिली. मला तोंड असतं तर त्या माणसाला तिथल्या तिथे उघडं पाडलं असतं.

त्यानंतर मला या बोळात आणून टाकलंय. ती बाई तपासणीला येते तेव्हा चाकांच्या खुर्चीतून इथूनच जाते. डावा हात मांडीवर पडलेला, घसरला की लेक उचलून ठेवते. कापड धरायला एक आणि सरकवायला एक, असे दोन हात लागतात. शिवण सुटली ती सुटलीच. परवा लेक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, हाच तो डबा. याच्यामुळे तुझा हात गेला." बाई माझ्याकडे बघत राहिली. तिची ती नजर मला सोसवत नाही.

डॉक्टर, तुम्हीही थकणार आहात. एक दिवस तुम्हालाही खाली नेता येणार नाही आणि तुमचं डोकं माझ्या खोबणीत येईल. तुमच्यावर माझा कितीही राग असो, मी खोटं दाखवणार नाही. जे असेल तेच दाखवीन. फक्त तुमच्याच हाताखाली शिकलेला कुणी तो फोटो वाचायला बसला, तर मात्र मला बोल लावू नका.