माईक तपासताना

स्टुडिओत मुंगीला शिरायला जागा नव्हती. प्रेक्षकांतल्या एका म्हाताऱ्याकडे बोट रोखून महाराज गरजले, "गुडघा! डावा!" म्हातारा ढसाढसा रडला आणि टाळ्यांनी छत दणाणलं.

मुलाखतकार बाई खुर्चीत चडफडत होत्या. "हे तुम्हाला कळलं कसं?" असं विचारलं, की महाराजांचं ठरलेलं, "मला कळत नाही, बाळ, माझ्यातून कळतं!" काचेमागून निर्माते लगेच हात जोडत : पुढे चला, बाई.

तेही बाईंनी सोसलं असतं. पण पहिल्या रांगेत त्यांची सख्खी ताई बसली होती. मागच्या भागात महाराजांनी तिचा फिटचा आजार ओळखला होता. तेव्हापासून तिचा एकच धोशा : आज महाराज हो म्हणाले की गोळ्या बंद.

मध्यंतरात बाईंनी पुन्हा डोकेफोड केली. "अगं, डॉक्टरांना तरी विचार!"

"डॉक्टरांनी मी न सांगता ओळखलं होतं का गं?"

कपाळ! वैतागून बाईंनी मान फिरवली, तर काचेमागे महाराजांचा शिष्य कानांना हेडफोन लावून बसलेला. म्हणे, महाराजांचा आवाज नीट येतो का पाहतो!

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कार्यक्रमाआधी प्रेक्षकांना माईक लावून त्या स्वतःच गप्पा मारत. तब्येत कशी, घरी कोण. म्हणजे माणसं कॅमेऱ्यापुढे मोकळी होतात. मागच्या वेळी ताईला त्यांनीच विचारलं होतं, "फिटची गोळी घेतलीस ना?"

बाईंनी स्वतःचा माईक सुरू केला आणि मेकअपवालीला म्हणाल्या, "थोरल्याचं लग्न काही जमेना बघ."

शिष्य महाराजांच्या खोलीकडे पळाला.

कॅमेरा सुरू झाला. "महाराज, माझ्या मनात काय आहे?"

महाराजांनी डोळे मिटले. "थोरला मुलगा! लग्नाचं घोडं अडलंय!"

टाळ्या पडल्या. ताई मात्र ताडकन उठली. "अहो, हिला मूलबाळच नाही!"

"पुढच्या जन्मीचा!" महाराज सावरले. आणि चार जणांनी तरीही टाळ्या वाजवल्या! बाईंना रडू यायचं बाकी होतं. निर्मात्यांच्या जोडलेल्या हातांकडे पाठ करून त्यांनी माईक, हेडफोन, शिष्य, सगळं कॅमेऱ्यासमोर उघडं केलं.

"लोकहो, तुमच्या मनातलं कुणी सांगितलं, तर पाया पडण्याआधी विचारा, हे तुम्हाला कळलं कसं? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आणि औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका."

ताई खाली बसली. तिनं पर्समधून गोळी काढली आणि शेजारणीकडे पाणी मागितलं.