थोटा सात

कारखान्याचा इतिहास छापून आला आणि सोना खानमच्या अंगाचा तिळपापड झाला. जाडजूड गुळगुळीत पुस्तक, वर सोनेरी अक्षरं, आत साहेबांचे हसरे फोटो. आणि त्रेचाळिसाव्या पानावर एकच ओळ तिच्या नवऱ्याची: ‘पहिले तबरीजी इंजिन टेस्टर बैराम याने स्वतः पास केले व नंतर निष्काळजीपणाने चालवल्याने अपघात झाला.’

निष्काळजी! जो माणूस चहात खडीसाखर सुद्धा मोजून घ्यायचा, तो म्हणे निष्काळजी!

लढाईचे दिवस होते ते. परदेशी इंजिनिअर केव्हाच चालते झाले होते आणि इंजिनाचा ब्लॉक पहिल्यांदा इथेच, तबरीजमध्ये ओतला होता. बैरामला त्यात केसाएवढी चीर दिसली. त्या काळी रीतच होती, इंजिन टेस्टमध्ये पास झालं की टेस्टरने आपल्या नंबराचा पंच, म्हणजे पोलादी ठसा, इंजिनाच्या पंपाखाली ठोकायचा. पंच ज्याचा त्याने बाळगायचा. एक वेळ बायको माहेरी धाडतील, पण पंच दुसऱ्याच्या हाती देणार नाहीत, अशी ती जात. बैराम बुधवारी पंच रुमालात बांधून घरी घेऊन आला. म्हणाला, “हा घरात राहू दे. उद्या पाहुण्यांसमोर चालव म्हणतात, नाहीतर आघाडीवर पाठवतील. चालवतो. पण ठोकणार नाही म्हणजे नाही.”

गुरुवारी इंजिन फुटलं आणि बैराम त्याखाली सापडला. चौकशीवाले म्हणाले, त्याचा सतरा नंबर तर ठोकलेला आहे, म्हणजे त्यानेच पास केलं. सोना ओरडून सांगत होती की पंच माझ्या घरात आहे. तिला फाटकातून आत घेतलं असेल तर शपथ! इंजिन गेलं कुलपात आणि बैराम गेला मातीत.

आज ते इंजिन निळा रंग फासून संग्रहालयात मांडलं होतं. समारंभाचं आमंत्रण कामगारांच्या घरच्यांनाही होतं. सोना सकाळीच येऊन पोचली. पर्समध्ये रुमाल, रुमालात पंच.

दारातच इवज भेटला. त्या वेळचा फोरमन, आता इतिहासाचा ‘सल्लागार’. दर नवरोजला तिच्या घरी बदामाची मिठाई पोचवणारा.

“या वहिनी, या! बैराम असता तर किती खूश झाला असता!”

“तो असता तर तुझं थोबाड फुटलं असतं. बाजूला हो.”

“आता जुनं कशाला उकरता? पुस्तक छापून झालंय.”

“मग फाडायला सोपं.”

ती सरळ इंजिनाकडे गेली. पुढच्या रांगेत बैरामच्या वेळचे पांढऱ्या केसांचे टेस्टर चहा भुरकत बसले होते, त्यांच्या बश्या थांबल्या. डायरेक्टर माईक सोडून धावला. “खानम, हात नका लावू, पाहुणे बसलेत.”

“माझा नवरा त्याखाली मेला, मी हात लावायचा नाही?” आणि तिने पदराआडून काढावा तसा अंगभर ओढलेल्या चादरीतून स्वयंपाकघरातला चाकू काढून पंपाखालचा निळा रंग खरवडायला सुरुवात केली.

सतरा निघाला. स्वच्छ, ठसठशीत, फारसी आकड्यांतला तो इंग्रजी व्हीसारखा दोन्ही हात वर केलेला सात.

सोनाने रुमालाची गाठ सोडली. बैरामच्या पंचातल्या सातचा उजवा हात अर्ध्यावर तुटलेला होता. टेस्टर आपसात त्या पंचाला ‘थोटा सात’च म्हणायचे. साहेब लोकांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी स्टोअरमधून कोरा सतरा मागवला आणि मेलेल्या माणसाच्या नावावर ठोकला.

“इवज, ये. मिठाईचा डबा आणतोस ना दरवर्षी? आज हे बघ.”

इवजचा चेहरा राखेसारखा झाला. “वहिनी, मला वरून हुकूम होता...”

“हातोडा वरून आला होता का?”

तेवढ्यात उस्ता पाशा काठी टेकत उठला. बैरामच्या शेजारच्या बाकावर बारा वर्षं काम केलेला, सगळ्यांत जुना टेस्टर. त्याने ठशावरून अंगठा फिरवला, मग पंचावरून. माईक हातात घेतला आणि मोठ्याने बोलला, “हा ठसा बैरामचा नाही. खोटा आहे. त्याने हे इंजिन पास केलं नव्हतं.”

सोनाच्या डोळ्यांना धार लागली. अडतीस वर्षं ज्या वाक्यासाठी ती जळत होती ते अखेर कुणीतरी बोललं होतं. तिने पाशाचा हात धरला.

“उस्ता, तुम्हाला कधी कळलं?”

पाशाने मान खाली घातली. “त्याच दिवशी.”

“त्याच दिवशी?”

“इंजिन उचलायला आम्ही सगळेच होतो, लेकी. सगळ्यांनी पाहिलं, पंपाखाली तेव्हा ठसाच नव्हता. पण आघाडीवर पाठवायचे गं. आम्हाला लेकरंबाळं होती.”

सोनाने हात सोडला. पुढच्या रांगेकडे एकेक करून पाहिलं. हेच लोक बैरामच्या चाळिसाव्या दिवसाला तिच्या घरी जेवून गेले होते. एकानेही मान वर केली नाही.

“मला पण दोन होती,” ती म्हणाली.

डायरेक्टर घाम पुसत पुढे आला. “खानम, तो पंच इथे द्या. काचेत ठेवू, बैराम आगांचं नाव लिहू. ती ओळसुद्धा बदलू.”

“ओळ बदला. ती बदलावीच लागेल तुम्हाला. पंच मिळायचा नाही.” तिने रुमालाची गाठ दातांनी आवळली. “पास झालेल्या ठिकाणी ठेवतात तो. इथं कुणी पास झालेलं नाही.”

ती निघाली तेव्हा पाशा वाटेतच उभा होता. तिने त्याला वळसा घातला आणि फाटकाबाहेर येऊन बसची वाट पाहत उभी राहिली.