ईशान्येचा दोष

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणारा सहसा जुना असतो. मी तसा नाही. मी मँचेस्टरमधला, कालव्याच्या काठावरचा, पाचव्या मजल्यावरचा एक फ्लॅट आहे आणि सध्या मला विकायला काढले आहे. खाली कॉफीची दुकाने आहेत, समोर पाण्यात बदके आहेत. जाहिरातीत मला ‘हॅपनिंग एरियातले शांत घर’ म्हटले आहे. शांत! लिहिणाऱ्याने माझ्यात एक आठवडा राहून दाखवावे.

माझा जन्मच मारझोडीत झाला. इथे पूर्वी कापसाची वखार होती. यंत्रांनी तिचे पोट फाडले, विटा पाडल्या आणि काठावर लोखंडी खांब ठोकले. प्रत्येक घावाला कालव्याचे पाणी थरथरत असे. पुढे माझ्या भिंतींत ड्रिल घुसले. पण त्या मारातून काहीतरी उभे राहत होते, म्हणून मी तो सोसला. काचेची बाल्कनी लागली तेव्हा तर मला चांगलाच माज चढला होता.

मग वरदा आणि हरीश राहायला आले. वरदा इथल्या सरकारी इस्पितळात डॉक्टर, हरीश आयटीत. त्यांची मुलगी सिया माझ्याच लाकडी फरशीवर रांगायला शिकली. वरदाने खिडकीत तुळस ठेवली. “काय सुंदर घर आहे हो तुमचं!” असे पाहुणे म्हणत आणि मी फुशारून जाई.

पहिल्यांदा निमित्त झाले भाजीतल्या मिठाचे. हरीशने काचेची प्लेट वरदाच्या पायाशी आपटली. तिच्या पावलात काचा घुसल्या, आणि त्या तिने बाथरूममध्ये बसून स्वतःच काढल्या. नंतर त्याला प्लेटची गरज उरली नाही. तो तिचे केस धरून तिला हॉलमधून ओढत नेई, मनगट पिरगाळी. एकदा त्याने तिचा गळा दाबला. एकदा तिचे डोके माझ्या भिंतीवर असे आपटले की प्लास्टरला खड्डा पडला. मला त्या माणसाची इतकी चीड येई, की आपले छत त्याच्यावर कोसळावे असे वाटे. पण त्याच छताखाली सियाही होती. वरदा दुसऱ्या दिवशी लांब बाह्यांचा शर्ट घालून कामावर जाई.

हरीशची आई, सुलक्षणाबाई, पुण्याहून काही महिने राहायला आल्या. त्यांनी सगळे पाहिले. त्या रडल्यासुद्धा, पण मुलाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. मोबाइलवर होकायंत्र लावून हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि एकदम ओरडल्या, “अरे हरीश, ईशान्येला टॉयलेट आहे! देवाच्या जागी! मग घरात भांडणं होतील नाही तर काय?”

झाले! गुन्हेगार सापडला, आणि तो मी! टॉयलेटमध्ये वाटीभर खडेमीठ आले, दारावर तांब्याचा पिरॅमिड आला, पलंगाची दिशा बदलली. लेस्टरहून गुरुजी बोलावून पुन्हा वास्तुशांत केली. होमाचा धूर होताच स्मोक अलार्म बोंबलू लागला आणि सगळा मजला दार ठोठावत धावून आला. धुरासाठी धावलात, मग वरदाच्या किंकाळ्या ऐकून का नाही आलात? मला फार राग आला. त्याच संध्याकाळी, प्रसादाचा शिरा खाल्लेल्या हातानेच हरीशने तिच्या कानाखाली ओढली. तिच्या कानातून रक्त आले.

सुलक्षणाबाईंनी मग दूर दक्षिणेतल्या बेसिंगस्टोक गावी घर पसंत केले. तिथे ईशान्येला देवघर होते. पण वरदाचे इस्पितळ, तिच्या मैत्रिणी, सगळे इकडेच राहणार होते. तिथे ओळखीचे कोणीही नव्हते. त्या बंद दाराआड तो तिला एक दिवस मारून टाकेल, या विचाराने मला कापरे भरले.

भिंतीचा खड्डा बुजवून वर रंग दिला गेला. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात पडली. ती वाचून तनिषा मला बघायला आली. ती इथेच जन्मलेली, शाळेत शिकवणारी. भिंतीवरून हात फिरवताना ती थांबली.

“इथे काय डॅमेज झालं होतं का?”

“सोफा मूव्ह करताना लागला,” हरीश म्हणाला.

“नाही बाबा,” आठ वर्षांची सिया म्हणाली, “तू आईची डोकं आपटली ना तिकडे. देन यू पेंटेड इट.”

“किड्स! काहीही बोलतात,” म्हणत हरीश हसला, आणि हसता हसता त्याने सियाचा दंड असा आवळला की ती किंचाळली. वरदा मध्ये पडली. त्याने कोपर तिच्या तोंडावर मारले. ओठ फाटला, रक्त हनुवटीवर ओघळले.

तनिषाने फोन काढला. “मी पोलिसांना कॉल करतेय. ताई, तुम्ही सियाला घेऊन माझ्याबरोबर खाली चला. आत्ता, प्लीज.”

“अगं वरदा, परक्यांसमोर तमाशा नको,” सुलक्षणाबाई रडू लागल्या. “थोडी कळ काढ. नवीन घरात सगळं सुरळीत होईल बघ.”

वरदाने बाहीने रक्त पुसले. “आई, मला टॉयलेट मारत नाही. हरीश मारतो.”

इतके साधे वाक्य माझ्यात आजवर कोणी बोलले नव्हते. सियाला उचलून वरदा बाहेर पडली. लिफ्टचे दार लागेपर्यंत तनिषा हरीशच्या वाटेत उभी होती.

मारायला कोणी उरले नाही, तेव्हा हरीशने बेडरूमचे दार लाथांनी फोडले. पोलीस येईपर्यंत तो लाथा घालतच होता.

आता मी रिकामा आहे. रिकाम्या घराला करमत नाही म्हणतात, पण मला हायसे वाटते. मित्रांनो, आमच्यासारखे सगळे शेवटी ‘आम्हाला जपा’ असे सांगतात. मला नका जपू. दार काय, सुतार नवे बसवील. पण भिंतीपलीकडे कोणी ओरडत असेल, तर टीव्हीचा आवाज वाढवू नका. मोठ्या माणसांना सांगा, फोन करा, बेल वाजवा. तनिषा फक्त घर बघायला आली होती. तिने माणूस पाहिला, म्हणून वरदा आज जिवंत आहे.