दारावरचा धोटा

आमचा श्रेयस हल्ली घरात आला की चपलेआधी मोबाईल काढतो. खंडेनवमीला तरी आज्जीच्या पाया पडावं! मी मागाची पूजा करत होते, आणि हा नातू माझा, उंबऱ्यातूनच "नवा लोगो बघ आज्जी" म्हणत काचेवरचं एक निळं टिंब माझ्या नाकापुढं नाचवू लागला.

लोगो काय असतो ते मला नका सांगू. त्याची कंपनी वडगावात आमच्या ह्याच मागाच्या खोलीत सुरू झाली. धागा तुटला की माग थांबवणारं यंत्र त्यानं केलं, आणि कंपनीला खूण पाहिजे म्हणाला, तेव्हा मागात आडवा धागा इकडून तिकडं नेणारा त्याच्या आजोबांचा लाकडी धोटा मीच पुढ्यात टाकला. कागदावर ठेवून त्यानं भोवती पेन्सिल फिरवली, मागं सुटलेला धागाही काढला. तसा पत्रा रंगवून ह्या ठेंगण्या दारावर ठोकला.

मग खुणा काढून देणारी पुण्याची एक पोरगी म्हणाली, मोबाईलात चित्र लहान झालं की धागा दिसत नाही, म्हणून तिथला धागा गेला. पुढं बेंगळूरच्या कुणीतरी धोट्याची टोकं घासली, त्याचा बदाम झाला. पत्रा जागेवर होता, म्हणून मी गप्प बसले. आता टिंब.

"ह्यात धोटा कुठाय रं?"

"आज्जी, आता बिनधोट्याचे माग आलेत. बाहेरच्या गिऱ्हाइकाला धोटा कळत न्हाय."

"आणि टिंब कळतंय व्हय?"

"सोपं हाय. ध्यानात ऱ्हातंय."

"तुझ्या आईच्या कपाळावर बी हाय की. तिलाच उभी कर दारावर!"

सून वासंती तोंडाला पदर लावून हसली. श्रेयस नाही हसला. दुपारी बेंगळूरची पैसे घालणारी माणसं यायची होती. त्याआधी जुना पत्रा उतरवून टिंब चढवायचं, म्हणून भरमूला शिडी घेऊन बोलावलेलं.

भरमूनं शिडी टेकली तशी मी पूजेचं ताट उचललं. स्टूल ओढलं, वर चढले. वासंती "आत्या, पडशीला!" ओरडली. मी धोट्याला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूची माळ खिळ्याला अडकवली आणि उतरले.

भरमू मागवाल्याचंच पोर. त्यानं हातोडी खाली ठेवली.

"काढ की रं," श्रेयस म्हणाला.

"पुजलेलं हत्यार दसऱ्याआधी हलवायचं न्हाय, अण्णा. मी न्हाय हात लावणार."

"मग दसरा झाल्यावर तरी?" श्रेयसनं माझ्याकडं बघितलं. चेहरा पार उतरला होता. वाईट वाटलं मला. पण मी हलले नाही.

"दसऱ्यानंतर मी रोज कुंकू लावीन," मी म्हटलं. "तुझं टिंब फिरू दे की जगभर, मी आडवी येत न्हाय. पर हे दार माझं हाय, श्रेयस. हितं धोटाच ऱ्हाणार. आणि तुझी पाव्हणी त्याच्याच खालनं वाकून आत येणार."