एका फ्रिजमधले दोन डबे

एकाच घरातल्या दोघी जावा औषधाच्या अभ्यासात घेऊ नका, असं मी डॉक्टरांना कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. पण माणसं कमी पडत होती म्हणे! झोप न येणाऱ्यांची कधी टंचाई असते का? घेतलं दोघींना. निद्रानाशावरच्या नव्या औषधाची इंजेक्शनं घरी न्यायची, फ्रिजमध्ये ठेवायची, रोज संध्याकाळी पोटावर टोचून घ्यायची. कुणाच्या डब्यात खरं औषध आणि कुणाच्या डब्यात नुसतं मिठाचं पाणी, हे त्यांनाही कळू द्यायचं नाही, मलाही नाही.

आज दोघींच्या मनगटावरच्या, झोप मोजणाऱ्या पट्ट्यांची नोंद संगणकावर बघितली आणि माझं डोकंच फिरलं. सुरुवातीला धाकटी ढाराढूर झोपत होती आणि थोरली टक्क जागी. मग एकाएकी सगळं उलटं. थोरलीला झोप लागली आणि धाकटीची त्याच दिवशी उडाली.

दोघींना डब्यांसकट बोलावून समोर बसवलं. "पट्टे बदललेत ना एकमेकींचे?"

"छे हो, सिस्टर!" धाकटी म्हणाली. "पट्टे कशाला बदलू? डब्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या बदलल्या."

मी कपाळावर हात मारला.

"अहो, माझं औषध लागू पडत होतं. जाऊबाई किती वर्षं रात्रभर छताकडे बघत पडतात. मी घोरायचं आणि त्यांनी ऐकायचं, बरं दिसतं का ते?"

"आणि आमच्या कामाची माती केलीत ते बरं दिसतं? शहाण्या आहात की कोण! एवढं समजावून सांगितलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी!"

थोरली माझ्याकडे बघतही नव्हती. "मला वाटलं, माझं मेलं डोकं शेवटी ताळ्यावर आलं," ती हळूच धाकटीला म्हणाली. "मग तू गं? तू कशी झोपतेस?"

"मी कुठली झोपायला? तुम्ही झोपलात की दारातून बघून येते. छान झोपता हो तुम्ही."

दोघींचीही नावं आता अभ्यासातून काढावी लागणार होती, आणि हे औषध बाहेर कुठल्याच दुकानात मिळत नव्हतं. तसं सांगून मी दोन्ही डबे माझ्याकडे ओढले. थोरलीनं आपला डबा पटकन सोडला नाही.

"म्हणजे आजपासून परत?" तिनं विचारलं.

धाकटीनंच तिची बोटं डब्यावरून सोडवली.

"असू द्या, जाऊबाई. आता मीही जागीच असते."