सर्व्हरवरच्या बारा जुन्या आवृत्त्या

सकाळी साडेदहाला रुग्णालयाच्या लॅबमधून रिपोर्ट निघायचे बंद झाले. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सर्व्हरताईंनी पर्स टेबलावर ठेवलीसुद्धा नव्हती, तोच लॅबवाले काका दारात हजर.

"ताई, पुन्हा तेच. 'जागा शिल्लक नाही' म्हणतंय. बाहेर रांग लागलीय, लोक माझ्या अंगावर येतायत."

"मोठ्या मॅडमच्या अंगावर पाठवा. नवी डिस्क तीनदा मागितली, तीनदा 'बघू' म्हणाल्या."

डोळे चोळत ताई एकेक फोल्डर उघडत गेल्या. रिपोर्टांनी फारशी जागा खाल्लीच नव्हती. ठाण मांडून बसल्या होत्या त्या सर्व्हरच्या मूळ प्रणालीच्या जुन्या आवृत्त्या, दर अपडेटला एक. एकूण चौदा, आणि कामाची फक्त शेवटची.

जुन्या आपोआप काढून टाकायची सोय असते. ती बंद होती. कोणी केली, असं तोंडात आलं आणि ताईंनी जीभ चावली. दोन वर्षांपूर्वी एका अपडेटनंतर सर्व्हर सुरूच होईना, तेव्हा जुन्या आवृत्त्या हाताशी राहाव्यात यासाठी त्यांनीच ती बंद केली होती. नंतर करू चालू, म्हणून.

चालू आवृत्तीचा आकडा त्यांनी कागदावर उतरवला, दोनदा ताडून पाहिला. आधीची एक अडीअडचणीला ठेवली. उरल्या बारा.

"काही उडणार नाही ना?" काकांचा जीव टांगणीला.

"उडायची ती माझी झोप उडालीय. रिपोर्ट राहतील."

बारा आवृत्त्या गेल्या. ताईंनी ती सोय पुन्हा चालू केली. पलीकडे प्रिंटर खरखरला आणि काका पळाले.

कोणाला काही कळलं नसतं. तरी ताई रुग्णालयाचा कारभार बघणाऱ्या मोठ्या मॅडमच्या खोलीत गेल्या.

"डिस्कवरून मी तुम्हाला बोल लावत होते. आजची चूक माझी होती."

मॅडमनी फाइल मिटली. "म्हणजे डिस्क नको?"

"हवीच आहे. पण आजचं खापर तुमच्या डोक्यावर नको."

"बसा. सासूबाई कशा आहेत?"

"कालपासून मला ओळखत नाहीत."

मॅडमनी फाइल बाजूला सारली. मग म्हणाल्या, "दोन दिवस घरी थांबा. सर्व्हर मरत नाही."

ताईंनी कोरा कागद ओढला, अर्ज लिहायला घेतला, आणि आज तारीख किती ते मॅडमना विचारावं लागलं.