छबूला पैकीच्या पैकी

"दहा मिनिटांत दगडालासुद्धा रडवून दाखवते मी," असं कुसुमताईंनी भोसरीच्या स्टॉपवर उतरता उतरता आपल्या कारकुनाला, यशवंतरावांना, सांगितलं होतं. अर्ध्या तासानं छबूच्या खोलीत हुंदके देऊन रडत होत्या त्या कुसुमताईच.

छबूनं फक्त विचारलं तेवढं सांगितलं होतं. दोन वर्षांमागं, अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या दंगलीत मराठवाड्यातल्या त्यांच्या गावानं त्यांची वस्ती पेटवली. बाप आत राहिला. पंधरा वर्षांची छबू आणि तिची माय सरूबाई नाल्यात दडून बसल्या. रेशनच्या रांगेत किती वेळ उभी होते हे सांगावं, तशा आवाजात तिनं हे सांगितलं, आणि ताईंना पाणी आणून दिलं.

"रडू नका ताई. घ्या, तोंड धुवा."

पुण्याच्या संस्थेचं सर्वेक्षण होतं. मारहाण-जाळपोळ डोळ्यांनी पाहिलेली तरुण पोरं कितपत खंबीर राहतात, ते मोजायचं. आठ प्रश्न, प्रत्येकी पाच मार्क.

"रात्री झोप लागते?" यशवंतरावांनी विचारलं.

"बोल्टाच्या कारखान्यात ओव्हरटाइम धरून बारा तास उभं ऱ्हाऊन बगा. लागती का न्हाई."

पाच मार्क. कामावर नियमित जाते? पाच. दुसऱ्यांना धीर देते? यशवंतरावांनी नाक पुसणाऱ्या कुसुमताईंकडे एकदा बघितलं आणि पाच टाकले.

छबूनं जीव तोडून उत्तरं दिली, कारण संस्था यातून एका मुलीला पुण्याच्या वसतिगृहात ठेवून तिची दहावी करून घेणार होती. तिची शाळा नववीत सुटली होती. आणि मार्कांचा मामला असला की वर्गात छबूचा नंबर कधी दुसरा आला नव्हता.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. चाळीसपैकी चाळीस. जागा होती सगळ्यांत कमी मार्क पडतील तिला.

"म्हंजी पयल्या नंबरालाच नापास केलं व्हय गं?" खोलीच्या मालकीणबाई गिरजाबाई म्हणाल्या. त्या मूळच्या भोसरीच्या. "आगं, रडायचं व्हतंस की! घटकाभर येड्यावानी केलं आसतंस तर काय झिजलं आसतं?"

"मला न्हाई येत, मावशी."

"मंग डोळ्यांस्नी बाम लाव. आमी सासरी जाताना काय केलं व्हतं?"

छबूनं रजा टाकली, बाम लावला आणि मायला घेऊन संस्थेच्या पिंपरीतल्या ऑफिसात गेली. बाम इतका झाला, की डोळे उघडेनात. मायनं हाताला धरून आत नेलं.

"डोळे आलेत वाटतं हिचे," कुसुमताई खुर्ची मागं सरकवत म्हणाल्या. "जरा लांब बस हं, बाळ."

"ताई, ती जागा मला पाह्यजे."

"तुला कशाला गं? किती खंबीर तू! आमच्या अहवालात तुझ्यावर अख्खं प्रकरण आहे."

छबूनं टेबलावर हात आपटला. शाईची बाटली उलटली, ती नेमकी छबूच्या फॉर्मवरच्या चाळीसपैकी चाळीसवर.

"खंबीर? कामावर न्हाई गेले तर खायाचं काय, म्हून जाते! रडू कुठं? दहा बाय दहाची खोली. मी रडले तर माय उठती. बा हाका मारत व्हता आतून, ते आईकलंय मी. त्याचे किती मार्क? मला शिकायचंय, तर आता इथं फेफरं येऊन पडून दाखवू का? आन् ज्यांनी पेटविलं त्यांना गेलं का कोणी इचाराया, बाबांनो तुमाला झोप लागती का म्हून?"

तो प्रश्न आठांत नव्हता. यशवंतरावांनी खात्री करून घेण्यासाठी कागद उलटूनसुद्धा पाहिला.

छबू रडली नाहीच. रडली सरूबाई. दोन वर्षांत पहिल्यांदा. भिंतीला टेकून, तोंडात पदर कोंबून, आवाज न करता. ऑफिसातला टाइपरायटर थांबला. छबू उठली आणि चाचपडत मायजवळ जाऊन बसली.

कुसुमताईंचाही बांध फुटला. "नवा फॉर्म भरा, यशवंतराव. आत्ताच्या आत्ता. जागा मंजूर," एवढं म्हणून त्या तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाल्या.

यशवंतराव नियमानं चालणारे. त्यांनी कोरा फॉर्म घेतला, खोलीत कोण रडतंय ते एकदा नीट बघून घेतलं आणि लिहायला लागले.

आठवड्यानं पत्र आलं. मायला वाचता येत नव्हतं, म्हणून छबूनंच मोठ्यानं वाचून दाखवलं. श्रीमती सरूबाई, वय सत्तेचाळीस, यांना दहावीच्या अभ्यासासाठी मुलींच्या वसतिगृहात जागा मंजूर करण्यात येत आहे. जागा दुसऱ्या कोणाच्या नावे करता येणार नाही.